लालबागेतला पट्टेदार खडक

बंगळुरूच्या लालबागेतल्या खडकावर चढणारी माणसे बहुतेक माथ्यावरच्या केंपेगौडांच्या बुरुजासाठी चढतात. वर पोचली की शहराकडे तोंड करून उभी राहतात, आणि खरा ऐवज राहतो पायाखाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने या खडकालाच राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवले आहे. तसा फलकही तिथे आहे. फलक वाचून होतो, खडक मात्र वाचायचा राहून जातो.

पाहायचाच तर पाऊस नुकता पडून गेल्यावर पाहावा. कोरडा असताना तो एकजात करडा वाटतो. भिजला की पट्टे उघडे पडतात. फिकट पट्टे क्वार्ट्झ आणि फेल्स्पारचे, गडद पट्टे मुख्यतः कृष्णाभ्रकाचे. भूगर्भात खोलवर, प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत खनिजे अशी वेगवेगळी झाली आणि हा पट्टिताश्म, म्हणजेच नाईस, तयार झाला. जरा वाकून बघा: अभ्रकाच्या चकत्या साधारण एकाच दिशेने पहुडलेल्या असतात, त्यामुळे तिरप्या उन्हात एका विशिष्ट कोनातून सगळ्या एकदम चमकतात आणि मान किंचित हलवली की विझतात. दाब कोणत्या बाजूने आला, याची इतकी नाजूक नोंद क्वचितच पाहायला मिळते.

पण माझा जीव जडतो तो वळ्यांवर. सरळ चाललेला पट्टा मध्येच नऊवारीच्या निऱ्यांसारखा दुमडतो, पुन्हा उलगडतो. दगड तापून मऊ पडल्याशिवाय न तुटता अशी वळी पडणार नाही. आणि या सगळ्याला छेदून एखादी फिकट, भरड स्फटिकांची शीर आडवी निघून जाते. इथे भूवैज्ञानिकांचा साधा नियम हाताशी ठेवावा: जी छेदते ती धाकटी. म्हणजे आधी पट्टे, मग वळ्या, मग शीर. एका हाताएवढ्या जागेत कालक्रम असा मांडलेला, आणि एकही अक्षर न कोरता!

सह्याद्रीत वाढलेल्या मराठी डोळ्याला हे सारे परके वाटते. आपला कातळ काळा, लाव्ह्याचा, एकावर एक आडव्या थरांत रचलेला. वय सुमारे 6.6 कोटी वर्षे. लालबागेतला खडक साधारण 300 कोटी वर्षांचा. त्याच्यापुढे आपले सगळे गडकिल्ले ज्यावर उभे आहेत तो कातळही तान्हाच. दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टन मखोंज्वा डोंगरांना 2018 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथले खडक 325 ते 360 कोटी वर्षांपूर्वीचे. लालबागेतला आपला बुजुर्ग त्यांच्या पंगतीत बसू शकेल असा आहे, आणि त्याला भेटायला बंगळुरूतल्या माणसाला नुसती बागेची फेरी पुरते.

दक्षिण भारताच्या मोठ्या भागाचा पाया याच जातीच्या खडकाचा. डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी 1916 मध्ये त्याला द्वीपकल्पीय नाईस हे नाव दिले. 1760 मध्ये हैदर अलीने इथे बाग सुरू केली, म्हणून हा तुकडा तरी सुरुंगापासून वाचला, असे मला वाटते. त्याचे भाऊबंद शहराभोवतालच्या खाणींतून निघून कुंपणाचे खांब झाले, गटारांवरच्या लाद्या झाल्या. पावसाळ्यात एखाद्या गल्लीतली तसली लादी भिजली की काळे-पांढरे पट्टे तिच्यातही स्पष्ट दिसतात.