सात मात्रांचे श्रोते

पिंक फ्लॉइडचं 'मनी' हे गाणं तबला शिकलेल्या माणसाला ऐकवलं, की तो नकळत बोटांच्या पेरांवर मात्रा मोजू लागतो. दोन आवर्तनं झाली की म्हणतो, 'सात आहेत.' हे गाणं १९७३ सालच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बममधलं. सुरुवातीला नाण्यांचा खणखणाट, कागद फाटल्याचा आवाज, गल्ल्याची खटखट असे सात आवाज टेपच्या तुकड्यांवर घेऊन, पट्टीनं मोजून एकमेकांना जोडलेले आहेत. तोच त्या गाण्याचा ठेका. आपल्या रूपकातही सातच मात्रा, तीन-दोन-दोन अशा. पण रूपकाची सम 'खाली'च्या, म्हणजे बिनवजनाच्या मात्रेवर येते, तर 'मनी'मध्ये पहिल्या मात्रेवर सगळं वजन. त्यामुळे रूपकाला सरावलेला कान आधी जरा अडखळतो आणि मग त्या अडखळण्यातच रमतो. गिटारचा एकल भाग आला की गाणं चार मात्रांत उतरतं. पाश्चात्त्य संगीताचा गंधही नसलेल्या तबलजीला हा बदल तत्काळ कळतो. इंग्रजी शब्द कळणाऱ्या, पण तालाशी ओळख नसलेल्या माणसाला बरेचदा तो कळतच नाही.

नांदेड आणि लातूरमधल्या प्रोग्रेसिव्ह रॉकच्या श्रोत्यांविषयी लिहिताना मला या कानापासूनच सुरुवात करावीशी वाटते. हे संगीत मुंबई-पुण्याच्या, इंग्रजी माध्यमात शिकलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या मुलांचं, अशी एक समजूत आहे आणि ती मला मान्य नाही. १९६९ साली किंग क्रिम्झनचा पहिला अल्बम आला. पाठोपाठ येस, जेनेसिस, जेथ्रो टल यांनी तीन मिनिटांचं गाणं मोडून वीस-वीस मिनिटांच्या रचना बांधल्या. ताल मध्येच बदलायचे, अख्खा अल्बम एका कल्पनेभोवती उभा करायचा आणि ऐकणाऱ्यानं पूर्ण वेळ बसून ऐकावं अशी अपेक्षा ठेवायची, हे या संगीताचं वळण. यातलं कुठलं वळण मराठवाड्याला परकं आहे? इथे गावोगाव रात्रभर भजन चालतं. संथ लयीत सुरू झालेला अभंग द्रुत होत होत गजरापर्यंत पोचतो आणि तोवर कुणी उठत नाही. औशाच्या नाथ संस्थानानं चक्री भजनाची परंपरा जपली आहे. लातूरहून तासाभराच्या वाटेवर अंबाजोगाई, आणि त्या तालुक्यातल्या आपेगावचे पद्मश्री शंकरबापू आपेगावकर यांचा पखवाज देशभर ऐकला गेला. नांदेडला सचखंड श्री हुजूर साहिबमध्ये रोज कीर्तन होतं. गुरुबाणीत 'पडताल' नावाच्या काही रचना आहेत, गुरू रामदास आणि गुरू अर्जनदेव यांच्या. त्यात रचना पुढे सरकते तसा ताल बदलतो. तालबदल ही युरोपची देणगी आहे असं मानणाऱ्यांनी हे आवर्जून समजून घ्यावं.

पण नुसता कान तयार असून भागत नाही. भजनाला बसणारा माणूस आपणहून येसच्या 'क्लोज टू द एज'पर्यंत पोचत नाही. त्याला कुणीतरी, काहीतरी तिथवर न्यावं लागतं. हे नेणारं साधन पिढीगणिक बदलत गेलं, आणि साधन बदललं तसा श्रोताही बदलला.

आज साठीच्या आसपास असलेल्यांना तिथवर कॅसेटनं नेलं. कुणाचा भाऊ आखातात होता, त्यानं टू-इन-वन आणला. कुणी हैदराबादला शिकायला होतं. नांदेडकरांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचं, त्यामुळे नव्या गोष्टी बऱ्याचदा त्याच बाजूनं येत. मूळ कॅसेट एकाकडे असे, बाकीचे तिच्यावरून भरून घेत. इथे एक तांत्रिक गंमत घडली. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. 'डार्क साइड' साधारण त्रेचाळीस मिनिटांचा, म्हणजे अख्खा अल्बम एका बाजूवर मावायचा. जेथ्रो टलचं १९७२ सालचं 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' ही तर चव्वेचाळीस मिनिटांच्या आसपासची एकच रचना. तबकडीवर ऐकणाऱ्याला तिच्या मध्यावर उठून बाजू पलटावी लागे. आपल्याकडे नकलेवर नक्कल करून ऐकणाऱ्याला ती न उठता ऐकायला मिळाली. ध्वनी घासलेला, वरचे सूर बसलेले, पण बैठक अखंड. या पिढीकडे कॅसेटी मोजक्या असायच्या आणि त्या मोजक्यांतला स्वरन् स्वर पाठ. कुठल्या सुरावटीनंतर बासरी येते, ऑर्गन कुठे थांबतो, हे आजही ते डोळे मिटून सांगतात. मला या श्रोत्यांविषयी मनापासून आदर आहे. मात्र त्यातल्या बहुतेकांचं ऐकणं सत्तरच्या दशकाच्या शेवटाला येऊन थांबलं, हेही खरं. १९९४ साली जेथ्रो टल मुंबईत वाजवून गेले. तोवर हे श्रोते नोकरी, शेती, दुकान, मुलांच्या शाळा यात गुंतले होते. पुढच्या काळातल्या मेटलकडे वळलेल्या प्रोग्रेसिव्ह रॉकला ते गोंगाट म्हणतात. तालाच्या कसोटीवर हे मत टिकत नाही.

मधली पिढी वसतिगृहात घडली. नांदेडचं श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासूनचं, लातूरचं बिडवे अभियांत्रिकी त्यानंतर दोन वर्षांनी आलेलं. दोन हजारनंतर अशा कॉलेजांच्या वसतिगृहांत एका खोलीतला संगणक दुसऱ्या खोलीतल्या संगणकाला जोडला गेला आणि एकाच्या हार्ड डिस्कवरचं संगीत सगळ्यांचं झालं. हातोहात फिरलेल्या त्या साठ्यात ड्रीम थिएटर, टूल, ओपेथ, पॉर्क्युपाइन ट्री सगळे होते. कुठल्याही पिढीला एकदम एवढं संगीत मिळालं नव्हतं. पण ते मिळालं फाइलींच्या रूपात. क्रमांक न टाकलेल्या फाइली विनॅम्पमध्ये इंग्रजी वर्णक्रमानं लागत, त्यामुळे अल्बमचं शेवटचं गाणं पहिलं वाजे आणि अल्बमभर उभी केलेली गोष्ट उलटीसुलटी होई. शिवाय एमपीथ्रीमध्ये दोन गाण्यांच्या सांध्यावर क्षणभर शांतता पडे. 'डार्क साइड'ची शेवटची दोन गाणी एकमेकांत मिसळून जावीत अशीच बांधली आहेत. वसतिगृहातल्या कित्येकांना ती कायम तुटलेलीच ऐकायला मिळाली, आणि रचनाच तशी आहे असा त्यांचा समज झाला.

तरीही या पिढीनं एक गोष्ट केली, जी आधीच्यांना जमली नाही. तिनं हे संगीत प्रत्यक्ष ऐकलं. डिसेंबर २००९ मध्ये पॉर्क्युपाइन ट्री आयआयटी मुंबईच्या 'मूड इंडिगो'मध्ये वाजवून गेले. २०१० साली पुण्यात एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला आणि २०१६ साली त्याच मंचावर पॉर्क्युपाइन ट्रीचा स्टीव्हन विल्सन आला. त्या गर्दीत मराठवाड्यातली मुलं होती, कारण तोवर ती मराठवाड्यात राहिलीच नव्हती. नांदेड-लातूरचा अभियंता पदवी घेतो आणि हिंजवडी गाठतो. त्याच्याबरोबर त्याची हार्ड डिस्क, त्याचं गिटार आणि त्याची जाणही जाते. दिवाळीला तो घरी येतो तेव्हा गाण्यांवर बोलायला गावात कुणी उरलेलं नसतं. मला वाटतं, आपल्या भागातल्या या कलेच्या अवस्थेचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. कॅसेटवाली पिढी गावातच राहिली, पण तिच्याकडे वाद्यं नव्हती. वाद्यं हाती आलेली पिढी निघून गेली. शिकवणारा आणि शिकणारा एका शहरात, एका वेळी कधी राहिलेच नाहीत. शास्त्रीय संगीतात ही भेट गुरूच्या घरी व्हायची. इथे तशी जागाच तयार झाली नाही.

आताची सतरा-अठरा वर्षांची मुलं फोनवरून येतात. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, २०१९ च्या फेब्रुवारीत स्पॉटिफाय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टूलचे सगळे अल्बम पहिल्यांदा अशा सेवांवर उपलब्ध झाले. पण या मुलांना संगीताकडे नेणाऱ्या वाटा बहुतेकदा संगीताच्या नसतातच. 'जोजोज बिझार अ‍ॅडव्हेंचर' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेच्या सुरुवातीच्या भागांच्या शेवटी येसचं 'राउंडअबाउट' वाजतं. १९७१ सालचं हे गाणं त्या मालिकेमुळे आणि त्यावरून निघालेल्या मीम्समुळे जगभरच्या शाळकरी मुलांच्या कानांवर गेलं. लातूरच्या मुलांच्याही गेलं. काकांच्या कपाटात धूळ खात पडलेली येसची कॅसेट त्याच गाण्याची आहे, हे त्यांना फार उशिरा कळतं. दुसरी वाट गिटारची. पॉलिफिया, प्लिनी, अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्स यांचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे रील्समधून समोर येतात आणि गिटार शिकणारं पोर थक्क होऊन मूळ रचना शोधायला लागतं. या मंडळींच्या रचनांमध्ये बहुतेक वेळा शब्दच नसतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीचा जो अडसर वाटायचा, तो इथे आपोआप दूर झाला.

लातूरच्या बाबतीत याला आणखी एक अंग आहे. नीट आणि जेईईच्या तयारीसाठी मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतली मुलं इथे खोल्या घेऊन राहतात. रात्री अभ्यास करताना कानात काहीतरी हवं असतं. शब्द असलेली गाणी लक्ष विचलित करतात म्हणून ती शब्दांविना वाजणारं, लांबलचक संगीत शोधतात. अशा शोधातून किती जण प्रोग्रेसिव्ह रॉकवर येऊन पोचतात, याची मोजदाद कुणी केलेली नाही. पण वाट स्वाभाविक आहे. या वयात, या ताणात ऐकलेलं संगीत माणसाला आयुष्यभर पुरतं, म्हणून त्याला मी 'अभ्यासाची पार्श्वभूमी' म्हणून कमी लेखणार नाही. माझी खरी काळजी वेगळी आहे. या मुलांना सगळं उपलब्ध आहे आणि कुणाच्या सोबतीनं काहीच नाही. कॅसेटवाल्यांनी चारचौघांत बसून ऐकलं, वसतिगृहवाल्यांनी खोलीत दाटीवाटीनं बसून ऐकलं. ही मुलं इअरफोन लावून एकेकटी ऐकतात. 'इथे काय झालं, ऐकलंस?' असं म्हणून पुन्हा मागे नेऊन ऐकवणारं कुणी त्यांच्या शेजारी नसतं.

बाप आणि मुलगी, काका आणि पुतण्या यांच्यात हे संगीत फारसं उतरलेलं दिसत नाही. जिथे उतरलं, तिथे ते बरेचदा उलट्या दिशेनं गेलं, लहानाकडून मोठ्याकडे. त्याला टूल चांगलं निमित्त ठरतं. या बँडचा ड्रमवादक डॅनी कॅरी तबला शिकलेला आहे आणि 'लॅटरालस' या २००१ सालच्या अल्बममध्ये तबल्याचा नाद स्पष्ट ऐकू येतो. भजनी मंडळात वाजवणाऱ्या वडिलांना आधी तो भाग ऐकवावा आणि मग त्याच अल्बममधलं 'स्किझम'. त्याचा मुख्य ठेका पाच आणि सात असा आळीपाळीनं चालतो, म्हणजे बेरीज बारा. चौतालाच्याही बाराच मात्रा. पखवाज जाणणारा माणूस बारा मोजून समेवर बरोबर येतो, फक्त मधल्या टाळ्या त्याला भलत्याच ठिकाणी सापडतात. वयाचं अंतर पुसून टाकणारी असली संभाषणं मला या सगळ्या प्रवासात सर्वांत मोलाची वाटतात. तिथे कुणी कुणाला आधुनिक करत नाही, दोघेही फक्त मोजत असतात.

आता निर्मितीकडे. बंगळुरूच्या 'अगम'नं कर्नाटक संगीताच्या कृतींना रॉकच्या घाटात बसवलं. मुंबईच्या 'कोशिश'नं २०१३ साली 'फिरदौस' हा हिंदी प्रोग्रेसिव्ह रॉकचा अल्बम काढला. मराठीत 'अभंग रिपोस्ट'नं संतांच्या रचना रॉकच्या वाद्यमेळावर आणल्या. त्यातली ऊर्जा मला आवडते, पण त्यांचा आवाका गाण्यापुरताच राहतो. वीस मिनिटांची, ताल बदलत जाणारी, एका कल्पनेवर उभी असलेली मराठी रचना माझ्या कानांवर आलेली नाही. ज्या भाषेत रात्रभर चालणारं भजन आहे, जागरण-गोंधळात तासन् तास चालणारं आख्यान आहे, तिथे ही उणीव मला अस्वस्थ करते. विद्यापीठांच्या युवक महोत्सवात पाश्चात्त्य गायन आणि वादनाच्या स्पर्धा होतात, पण काही मिनिटांच्या मुदतीत. जी कला लांबीवर उभी आहे, ती तिथे मांडायची कशी?

माझी आशा दुसरीकडे आहे. नांदेड-लातूर भागात कीबोर्ड, ऑक्टोपॅड, बेस गिटार ही वाद्यं सफाईनं वाजवणारे तरुण आहेत. ते भीमगीतांच्या कार्यक्रमांत, लग्नाच्या ऑर्केस्ट्रांत, बँजो पार्टीत वाजवतात. त्यांच्या हातांत लय मुरलेली आहे आणि तीन-तीन तास न थांबता वाजवण्याची ताकदही. जयंतीच्या रात्री एका भीमगीतातून दुसऱ्यात जाताना ते लय वाढवतात, पट्टी बदलतात, मध्ये ऑक्टोपॅडचा स्वतंत्र तुकडा घेतात. खाली उभ्या असलेल्या गर्दीला त्यात नाचायला कुठेही अडचण येत नाही. ही मंडळी कुणाच्या दृष्टीनं प्रोग्रेसिव्ह रॉकची नाहीत. हिंजवडीतल्या गिटारवाल्यानं सुट्टीत गावी येऊन त्यांच्यासोबत बसायला हवं, पखवाजवाल्या काकांना बोलवायला हवं, आणि अ‍ॅनिमेवरून येसपर्यंत पोचलेल्या मुलीला कीबोर्डवर बसवायला हवं. ध्वनिमुद्रणाची सोय आता लहान शहरांतही झालेली आहे. भक्तिगीतं आणि भीमगीतं यूट्यूबसाठी अशाच छोट्या स्टुडिओंत संगणकावर मुद्रित होतात. मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवं काम उघडलं की ठेका चार मात्रांचा धरलेला असतो, आणि बहुतेक जण तो आकडा बदलत नाहीत. सात किंवा पाच लिहून पहिली आठ आवर्तनं मुद्रित करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही, फक्त चौघांची वेळ जुळायला हवी. ती जुळण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे दिवाळीच्या सुट्टीत.