उचलीच्या हिशेबाबाहेरचे मूल : कर्जबद्ध बालश्रम व शासकीय धोरण – एक चिकित्सा

प्रस्तावना :
बालमजुरीची कारणमीमांसा करताना दारिद्र्य व निरक्षरता यांचा उल्लेख नेहमीच केला जातो. कर्जाने बांधलेल्या श्रमाच्या संदर्भात ही मीमांसा अपुरी पडते. प्रस्तुत लेखात मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या संदर्भात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

उचलीचे अर्थशास्त्र :
कौशिक बसू व फाम होआंग व्हान यांनी 1998 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार प्रौढांचे उत्पन्न निर्वाहास अपुरे पडले तरच कुटुंब मुलाला कामास लावते. हा निर्णय कुटुंब स्वतंत्रपणे घेते, असे येथे गृहीत आहे. ऊसतोडीत हे गृहीतक टिकत नाही. हंगामापूर्वी मुकादम 'कोयत्या'ला, म्हणजे पती-पत्नीच्या जोडीला, उचल देतो. ती टनामागे मिळणाऱ्या मजुरीतून फेडावयाची असते. न फिटलेली बाकी पुढील हंगामावर जाते. वाढे गोळा करणारे, कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळणारे मूल या हिशेबात कोठेच नसते. परंतु त्याच्यामुळेच आईचे हात तोडणीसाठी मोकळे राहतात. त्याचे श्रम मोजले जात नाहीत. कर्ज मात्र त्यांच्या आधारे फिटते.

धोरणांची चिकित्सा :
1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्दबातल ठरविले. 1986 च्या बालकामगार कायद्याची दृष्टी मुलावर आहे, कर्जावर नाही. 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामास लावण्यास सर्वत्र बंदी घातली. मात्र शाळेच्या वेळेनंतर कौटुंबिक उद्योगास मदत करण्याची मुभा ठेवली. ज्याची शाळाच गावी राहिली, त्याच्या बाबतीत 'शाळेनंतर' या शब्दाला काय अर्थ उरतो? त्याच वर्षीच्या पुनर्वसन योजनेत मुक्त बालकासाठी 2 लाख रुपयांची तरतूद झाली, पण ती आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडली गेली. मुकादमाच्या वहीतील व्यवहार न्यायालयात सिद्ध करणे सोपे नाही. 2021 ची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना निश्चितच स्वागतार्ह आहे. तथापि वसतिगृह मुलाला फडापासून दूर ठेवते. उचल कमी करीत नाही.

समारोप :
तात्पर्य, मुलाला सोडवून कर्ज तसेच ठेवणारे धोरण अपुरे आहे. उचलीची नोंद मुकादमाच्या वहीतून कारखान्याच्या दप्तरी आणणे, स्त्रीच्या मजुरीचे स्वतंत्र खाते ठेवणे व पावसाळ्यात गावातच अल्पव्याजी कर्ज उपलब्ध करणे, हे उपाय त्यामुळे अग्रक्रमाचे ठरतात. उसाचा लाभ घेणारा कारखाना या हिशेबाबाहेर राहील, तोवर मूलही हिशेबाबाहेरच राहील.