अवतरण आणि अवतरणचिन्ह

मराठीत ‘अवतरण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. जे वरून खाली उतरते ते अवतरण; आणि दुसऱ्याच्या ग्रंथातून जे उतरवून घेतले जाते तेही अवतरणच. हे दोन अर्थ एका शब्दात सुखाने नांदतात, कारण एरवी त्यांची गल्लत होण्याचा प्रसंग येत नाही. अमेरिकेतील सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या प्रेषित एलन जी. व्हाइट (१८२७–१९१५) यांच्या ग्रंथांविषयी गेली शंभराहून अधिक वर्षे चाललेला वाद मात्र मुळात याच गल्लतीचा वाद आहे. एकाच लेखणीविषयी ईश्वरी साक्षात्काराचा दावा आणि वाङ्मयचौर्याचा आरोप हे दोन्ही केले जातात, तेव्हा त्या लेखनाकडे कसे पाहावे? धर्मपंडितांनी व वकिलांनी आपापली उत्तरे दिलेली आहेत. येथे तो प्रश्न साहित्याचा म्हणून पाहावयाचा आहे.

व्हाइटबाईंचा जन्म मेन राज्यातील गोरहॅम या गावचा. नवव्या वर्षी एका मुलीने फेकलेला दगड तोंडावर बसला आणि त्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ तेथेच संपले. २२ ऑक्टोबर १८४४ रोजी ख्रिस्ताचे पुनरागमन होणार, हे विल्यम मिलरच्या अनुयायांचे भाकीत फोल ठरले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना पहिला दृष्टान्त झाला. पुढे जवळजवळ सत्तर वर्षे त्या ‘मला दाखविण्यात आले’ या भूमिकेवरून बोलत व लिहीत राहिल्या. १८६३ मध्ये संघटित झालेला त्यांचा पंथ आज जगभर पसरला आहे; पुण्यातील स्पायसर ही शिक्षणसंस्था त्याचीच. अल्पशिक्षित स्त्रीच्या हातून झालेले एवढे विपुल व प्रौढ लेखन हाच अनुयायांना तिच्या ईश्वरी प्रेरणेचा पुरावा वाटत आला. नेमका हाच पुरावा पुढे अंगाशी आला.

१८६७ साली पंथाच्या मुखपत्रात त्यांनी एक खुलासा केला. प्रसंग तसा क्षुल्लक होता. स्त्रियांचा पोशाख जमिनीपासून किती इंच वर असावा, याविषयी त्यांच्या निरनिराळ्या लेखांतील मापे जुळत नव्हती, आणि वाचकांनी खुलासा मागितला होता. बाईंनी उत्तर दिले ते असे, की दृष्टान्ताप्रमाणेच त्याचे लेखनही परमेश्वराच्या आत्म्यावर अवलंबून असते; परंतु वर्णनाचे शब्द मात्र आपले स्वतःचे असतात. अपवाद एकच. देवदूताने उच्चारलेले शब्द असतील तर ते आपण नेहमी अवतरणचिन्हांत घालतो.

माझ्या मते संपूर्ण वादाची किल्ली या खुलाशात आहे. अवतरणचिन्ह म्हणजे काय हे बाईंना उत्तम ठाऊक होते. ते चिन्ह त्यांनी देवदूतासाठी राखून ठेवले. इतिहासकाराला ते दिले नाही. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संत पॉलच्या चरित्रात कॉनीबेअर व हाउसन या इंग्रज ग्रंथकारांच्या पुस्तकाचा आधार पानोपानी दिसतो, पण त्याचा निर्देश नाही. ‘द ग्रेट कॉन्ट्रोव्हर्सी’मध्ये धर्मसुधारणेच्या इतिहासासाठी दोबिन्ये, वायली आदींचा मजकूर घेतला आहे. या ग्रंथाच्या १८८८ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत काही ठिकाणी इतिहासकारांचे शब्द नामनिर्देश न करता वापरल्याची कबुली आहे, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. १९११ च्या आवृत्तीत त्या उताऱ्यांना अवतरणचिन्हे व संदर्भ देण्यात आले. बाईंचे वय तेव्हा ८३ होते; ग्रंथालयांतून मूळ उतारे हुडकण्याचे काम त्यांच्या साहाय्यकांनी केले.

डी. एम. कॅनराइट यांनी १८८७ मध्ये पंथ सोडून हा आरोप जाहीरपणे मांडला. तो पुन्हा पेटला १९८० नंतर. वॉल्टर री हे त्याच पंथाचे धर्मोपदेशक. त्यांनी समांतर उतारे गोळा केले, त्यापायी आपले पद गमावले आणि १९८२ मध्ये ते पुस्तकरूपाने छापले. पंथाने १९८१ मध्ये व्हिन्सेंट रॅमिक या कायदेतज्ज्ञाचा अभिप्राय घेतला होता. एकोणिसाव्या शतकातील स्वामित्वहक्काच्या कायद्याने हे चौर्य ठरत नाही, असा तो होता. कायद्याचे म्हणणे खरेच असेल. पण तो वाचकाच्या विश्वासाविषयी काहीच बोलत नाही. अधिक मोलाचे काम फ्रेड वेल्टमन यांचे. पंथानेच त्यांच्यावर सोपविलेल्या या संशोधनात त्यांनी ‘द डिझायर ऑफ एजेस’ (१८९८) या ख्रिस्तचरित्राची पंधरा प्रकरणे वाक्यावाक्याने तपासली. १९८८ मध्ये त्यांनी निष्कर्ष दिला, की सुमारे ३१ टक्के वाक्यांत कमीअधिक प्रमाणात परावलंबन आढळते. मात्र अक्षरशः उतरवलेले फार थोडे आहे, बहुतेक सैल भावानुवाद आहे.

हे वर्णन वाचताना आपल्याकडील अभ्यासकाला राजशेखराची आठवण व्हावी. ‘काव्यमीमांसे’त त्याने हरणाची चर्चा तीन अध्याय केली आहे, आणि तीही चोराला फटके मारण्याच्या भाषेत नव्हे. कवी आणि व्यापारी यांत चोर नसलेला कोणी सापडत नाही, असे तो मिस्कीलपणे सांगतो. त्याची विदुषी पत्नी अवंतिसुंदरी तर उसनवारीच्या सबबींची यादीच देते: तो अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहे, इत्यादी. (ही यादी आजच्या लेखकांनीही चाळण्याजोगी आहे.) अर्थ तोच ठेवून केवळ शब्द बदलले तर ते ‘प्रतिबिंबकल्प’, म्हणून त्याज्य. थोड्या संस्काराने वस्तू वेगळी भासू लागली तर ‘आलेख्यप्रख्य’, आणि ते राजशेखराला चालते. आनंदवर्धनाला चालत नाही. व्हाइटबाईंचे ख्रिस्तचरित्र या दुसऱ्या वर्गात बसेल. आधारग्रंथांतील प्रवासवर्णनवजा तपशील त्या गाळतात आणि वाक्याचा रोख वाचकाच्या अंतःकरणाकडे वळवतात. हा संस्कार लहान नाही. त्या केवळ भक्तिपर ग्रंथकर्त्या असत्या, तर राजशेखराच्या दरबारातून त्या निर्दोष सुटल्या असत्या.

पण त्यांचे लेखन साक्ष म्हणून पुढे येते, आणि साक्षीचे नियम काव्याहून वेगळे आहेत. कवीने दुसऱ्याची उपमा घेतली तर फार तर त्याची प्रतिभा उणी ठरते. ‘मी पाहिले’ म्हणणाऱ्याने दुसऱ्याचे वर्णन सांगितले तर त्याचे पाहणेच संशयास्पद होते. त्या काळी सारेच असे करीत, हा समर्थकांचा युक्तिवाद निराधार नाही. जॉन वेस्लीने १७७५ मध्ये डॉ. जॉन्सनचे राजकीय पत्रक आपल्या नावाने संक्षेपाने छापलेच होते. पण वेस्लीने ते आपल्याला दृष्टान्तात दिसल्याचे म्हटले नव्हते. बायबलच्या लेखकांनीही पूर्वसाधने वापरली, हा दुसरा युक्तिवाद. त्याला लूकचेच उत्तर आहे. आपल्या आधी अनेकांनी वृत्तान्त लिहिले, आणि आपण सर्व गोष्टींचा शोध घेऊन लिहीत आहोत, असे तो आरंभीच सांगतो.

साक्षात्कार आणि ऋणनिर्देश हे परस्परविरोधी असलेच पाहिजेत, असेही नाही. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवरील टीका पूर्ण करताना सारे श्रेय गुरुकृपेला दिले. तरीही आपण व्यासांच्या मागाने, भाष्यकारांना वाट विचारीत चाललो, हे नमूद करावयास ते विसरले नाहीत. तुकोबांचे उदाहरण याहून बोलके आहे. आपल्या मुखाने देव बोलतो असे म्हणणाऱ्या या कवीला कवित्वाची आज्ञा स्वप्नात झाली, आणि त्या स्वप्नात पांडुरंगाबरोबर नामदेव होते. नामदेवांचे अपुरे राहिलेले कार्य पुरे करावयाचे होते. म्हणजे येथे दृष्टान्तच पूर्वसूरीचे नाव घेतो. व्हाइटबाईंच्या दृष्टान्तांत कॉनीबेअर-हाउसन कधी आले नाहीत. ते आले ते त्यांच्या कपाटातून.

पंथातील जाणत्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. बाईंच्या निधनानंतर चारच वर्षांनी, १९१९ च्या उन्हाळ्यात, पंथाचे अध्यक्ष ए. जी. डॅनिएल्स व धर्मशास्त्राचे शिक्षक यांच्या परिषदेत पॉलच्या चरित्राचा विषय मोकळेपणाने निघाला होता. त्या चर्चेची टिपणे बंद राहिली. १९७४ मध्ये ती दप्तरात सापडली आणि १९७९ मध्ये छापली गेली. मधल्या साठ वर्षांत श्रद्धावंत वाचकाच्या हाती प्रेषितेची जी प्रतिमा दिली गेली, तीत लेखनाचा टेबल, कात्रणांच्या वह्या, साहाय्यक यांना जागा नव्हती. री यांच्या पुस्तकातील कडवटपणा या साठ वर्षांचा आहे असे मला वाटते. तो केवळ समांतर उताऱ्यांतून आलेला नाही.

आणि मेरियन डेव्हिस यांचे काय? बाईंची जुनी पत्रे, लेख व हस्तलिखिते यांतून ख्रिस्ताविषयीचे वेचे निवडून वह्यांत चिकटवणे, त्यांची प्रकरणे लावणे, हे काम या साहाय्यिकेने वर्षानुवर्षे केले. ‘द डिझायर ऑफ एजेस’ची रचना ज्या संपादनकौशल्यावर उभी आहे, ते मोठ्या अंशी तिचे. १९०४ मध्ये ती वारली. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाव एकच आहे.