मोजणीचे अवशेष आणि शिल्पाचा घाट

टाकाऊ वस्तूंतून खुल्या जागेत उभारलेल्या शिल्पाचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावे, या प्रश्नाचा ऊहापोह करताना भूमापनाची जुनी सामग्री हे उदाहरण विशेष उद्बोधक ठरते. मुंबई इलाख्यातील मोजणीची साखळी ३३ फुटांची असे व तिचे १६ आणे पाडलेले असत. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली, पुढे उपग्रह आणि ड्रोन आले, आणि ही साखळी निरुपयोगी ठरली. परंतु ती निव्वळ लोखंड नव्हे. तिने बांध ठरविले, भावाभावांच्या वाटण्या केल्या, सारा आकारला. शिल्पकाराने ती हाती घेतली तर या पूर्वायुष्याचे त्याने काय करावे, हा खरा प्रश्न होय.

नागपूरचा ‘झिरो माइल’ या संदर्भात पाहण्यासारखा आहे. लोक त्यास भारताचा मध्यबिंदू मानतात. वस्तुतः तेथील दगड हा त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा उंची दर्शविणारा प्रमाणदगड असून त्याचे साल १९०७ सांगितले जाते. वालुकाश्माचा स्तंभ, चार घोडे आणि बाजूस तो लहान दगड, अशी ही रचना आहे. घोड्यांत आवेश आहे, पण मोजणीशी त्यांचे काही नाते जुळत नाही. ते शोभेपुरतेच राहतात. उलट, स्तंभावर कोरलेली हैदराबाद, जबलपूर आदी गावांची मैलांतील अंतरे वाचताना एका बिंदूपासून दाही दिशांना पसरणारा प्रदेश मनश्चक्षूंपुढे उभा राहतो. कलात्मक परिणाम साधतो तो कोरलेला आकडा.

मर्ढेकरांनी लयतत्त्वाच्या विवेचनात संवाद, विरोध आणि समतोल यांची चर्चा केली आहे. टाकाऊ वस्तूच्या शिल्पात वस्तूचे पूर्वीचे रूप आणि तिला लाभलेला नवा घाट यांमधील विरोध जिवंत राहावा लागतो. चंदीगडच्या रॉक गार्डनचे सामर्थ्य येथेच आहे. नव्या शहराच्या आखणीत जी खेडी पाडली गेली, त्यांचा राडारोडा, फुटकी भांडी, बांगड्यांचे तुकडे रस्ते-निरीक्षक नेकचंद यांनी वर्षानुवर्षे गुपचूप गोळा केले; १९७६ मध्ये ते उद्यान सर्वांस खुले झाले. तेथील मूर्तीच्या अंगावरची बांगडी ही बांगडीच दिसते, आणि म्हणूनच पुसल्या गेलेल्या घरांची आठवण होते. आमच्या इंदूर शहरात विश्रामबागेत भंगार लोखंडातून राममंदिराची प्रतिकृती उभारली गेली आहे. कारागिरांचे कष्ट व श्रद्धा आदरणीयच होत. तथापि पाहणाऱ्याचे चित्त मंदिराच्या आकारात इतके गुंतते की, लोखंडाचे पूर्वायुष्य त्यास जाणवत नाही. तेथे भंगार हे केवळ साधन उरते.

सिमरोलसारख्या गावी हा विचार निव्वळ तात्त्विक राहत नाही. येथे भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे सुमारे ५०० एकरांचे आवार विस्तारले आहे. माळव्यात बिघ्याने आणि जरिबेने मोजली जाणारी जमीन आता नव्या यंत्रांनी मोजली जाते. जुन्या हद्दींबरोबर त्यांचे शब्दही लोपत चालले आहेत. अशा ठिकाणी मोजणीच्या जुन्या सामग्रीतून शिल्प घडवायचे झाल्यास साखळी वितळवून किंवा जोडून तिचा मोर करू नये. तिच्या कड्या मोजता याव्यात, तिची लांबी पावलांनी पडताळता यावी, आणि शिल्प शक्यतो मोजलेल्या भूमीवरच उभे राहावे.

शिक्षकबंधूंना यातून एक सूचना करावीशी वाटते. मोजणी कार्यालयातील एखादी निर्लेखित साखळी मिळवून शाळेच्या पटांगणात एक गुंठा आखावा. शिल्प पुढे घडेल वा न घडेल. गुंठा या शब्दाचा अर्थ तरी मुलांच्या पायाखाली येईल.