मानसार, राजवल्लभ आणि खानदेशांतील घरें

प्राचीन शिल्पग्रंथांसंबंधीं मराठींत जें लेखन होतें, त्यांत एक दोष वारंवार आढळतो. मानसार, मयमत, समरांगणसूत्रधार, राजवल्लभ हे सर्व एकाच शास्त्राचे पाठ समजून एकाचें वचन दुसऱ्याच्या आधारास लाविलें जातें. हस्तलिखितें जमविणारांचें यांत प्रत्यक्ष नुकसान होतें, म्हणून त्याचा परामर्श येथें घेत आहों.

‘आय’ हा एकच शब्द पाहावा. मेवाडच्या कुंभकर्ण राण्याच्या (इ. स. १४३३–१४६८) आश्रयास असलेला सूत्रधार मंडन याच्या राजवल्लभाच्या परंपरेंत लांबीरुंदीचा गुणाकार करून त्यास ८ नीं भागितात, बाकीवरून ध्वज, धूम्र, सिंह, श्वान, वृषभ, खर, गज, ध्वांक्ष हे आठ आय ठरतात. विषम शुभ, सम अशुभ. मानसारांत आय म्हणजे लांबीस ८ नीं गुणून १२ नीं भागल्यावर उरते ती बाकी. आणि ध्वजादि आठांस तेथें ‘योनि’ हें नांव असून ती रुंदीस ३ नीं गुणून ८ नीं भागल्यावर येते. आतां १३ हात लांब व ९ हात रुंद असें घर घेतल्यास पहिल्या रीतीनें ११७ ची बाकी ५, म्हणजे वृषभ. दुसरीनें २७ ची बाकी ३, म्हणजे सिंह. नक्षत्र काढतांना दोहींकडे ८ नीं गुणून २७ नीं भागावयाचें, परंतु एक क्षेत्रफळ धरितो व दुसरा लांबी. म्हणून एकाचें ज्येष्ठा, तर दुसऱ्याचें धनिष्ठा येतें! अशा दोन रीतींचा संकर करणारा लेखक कोणतेंही घर शुभ किंवा अशुभ ठरवूं शकेल. उलट, सुटें पान हातीं आलें असतां तें कोणत्या परंपरेंतलें हें ओळखण्यास हाच भेद उत्तम कसोटी होय.

प्रसन्नकुमार आचार्य यांनीं मानसाराचे ७० अध्याय संपादून व भाषांतर करून जे उपकार केले, ते मोठे आहेत. त्याची संस्कृत पाणिनीस जुमानीत नाहीं. तरी ती शुद्ध करूं पाहणें आम्हांस अनुचित वाटतें, कारण सूत्रधाराची बोली तिच्यांतच उरली आहे. मात्र रोमन ग्रंथकार व्हिट्रूव्हियस याच्याशीं दाखविलेल्या साम्यावर आचार्यांनीं जो भार घातला, तो त्या पुराव्यास झेपणारा नाहीं.

मानसारांत एकापासून बारा मजल्यांपर्यंतच्या वास्तूंस स्वतंत्र अध्याय आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशीं म्हसावदेस बसून ते वाचतांना नवल वाटतें. इकडील जुनें घर धाब्याचें: सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, आणि वर मातीचा जाड थर. कोंकणच्या पावसांत असें छप्पर एक वर्षही टिकणार नाहीं. घराचा विस्तार बोलतात तो खणांनीं, मजल्यांनीं नव्हे. राजवल्लभांतील एकशाल, द्विशाल, त्रिशाल, चतुःशाल हा क्रम या प्रदेशास पुष्कळ जवळचा आहे; चौसोपी वाडा हें चतुःशालाचेंच रूप दिसतें. अंतर पाहिलें तरी गुजरात इकडून हाकेवर, द्रविड देश फार दूर. तथापि सुतारानें मंडन वाचला होता असें यावरून म्हणतां येत नाहीं. रीत हातोहात चालते. पोथी तिच्यामागून येते.

ग्रंथ व घर यांचा मेळ घालण्यास मापें हवींत, आणि तीं फुटांत घेऊन भागत नाहीं. सुताराचा गज २४ तसूंचा, शास्त्राचा हस्त २४ अंगुलांचा; परंतु गजाची प्रत्यक्ष लांबी गांवोगांव भिन्न असे, आणि परिमाण किंचित् बदललें कीं बाकी बदलते व वृषभाचा खर होतो. वाडा मोडला जातांना आमचे संग्राहक मित्र माळ्यावरील दप्तरें जपून नेतात व अडगळींतला लांकडी गज तसाच टाकून देतात. तो गज, आणि मोडण्यापूर्वीं खणांचीं मापें, ज्यांजपाशीं असतील त्यांनीं तीं या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावीं. माप भिंतींच्या आंतून घेतलें कीं बाहेरून, हेंही लिहावें. नाहीं तर गणित पुन्हा अडेल.