परीक्षानळीची साक्ष आणि तिची मर्यादा

रक्तातील कोलेस्टेरॉल एस्टर एचडीएल कणांकडून एलडीएल व व्हीएलडीएल कणांकडे नेणारे आणि उलट दिशेने ट्रायग्लिसराइड आणणारे प्रथिन ‘सीईटीपी’ या नावाने ओळखले जाते. १९८७ साली मानवी सीईटीपीच्या जनुकीय संकेताचे पृथक्करण झाले व ४७६ ॲमिनो आम्लांचे हे प्रथिन संवर्धित पेशींकडून तयार करवून घेणे शक्य झाले. या पुनःसंयोजित प्रथिनाने कोलेस्टेरॉलच्या अभ्यासास मोठीच गती दिली. तथापि, त्याच्या साक्षीवरून जी अनुमाने काढली गेली, ती सर्वच त्या साक्षीच्या अधिकारातील होती काय, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

या साधनाचे मोल प्रथम मान्य केले पाहिजे. रक्तद्रवात हे प्रथिन अत्यल्प असते व मेदकणांना चिकटून राहते. त्यामुळे ते शुद्ध स्वरूपात मिळविणे कष्टाचे आहे. पुनःसंयोजित प्रथिन हवे तितके मिळते आणि त्यातील एखादे ॲमिनो आम्ल बदलून परिणाम पाहता येतो. २००७ साली अशाच प्रथिनाच्या स्फटिकांवरून त्याची रचना उलगडली. किंचित वाकलेल्या या रेणूच्या पोटात सुमारे ६० अँगस्ट्रॉम लांबीचा बोगदा असून त्यात कोलेस्टेरॉल एस्टरचे दोन रेणू आढळले. परंतु स्फटिक मिळावेत म्हणून या प्रथिनावरील शर्करा जोडल्या जाण्याच्या काही जागा मुद्दाम बदललेल्या होत्या. म्हणजे जे पाहिले गेले ते मानवी रक्तातील प्रथिन जसेच्या तसे नव्हे. शिवाय स्थिर बोगद्यावरून वाहतुकीची रीत सिद्ध होत नाही. २०१२ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हे प्रथिन दोन कणांमध्ये पुलासारखे दिसले; तरीही मेद पुलातून वाहतो की प्रथिन होडीप्रमाणे येरझारा घालते, हा वाद मिटला नाही.

खरी गफलत याच्या पुढच्या पायरीवर झाली. जपानमधील काही कुटुंबांत हे प्रथिन जन्मतःच नसते व त्यांचे एचडीएल पुष्कळ वाढलेले असते, हे १९८९-९० च्या सुमारास दिसून आले. त्यावरून प्रथिन रोखले की एचडीएल वाढेल आणि एचडीएल वाढले की हृदय वाचेल, अशी साखळी रचण्यात आली. पहिली कडी खरी ठरली. टॉर्सेट्रापिब या औषधाने एचडीएल सुमारे ७२ टक्क्यांनी वाढले व एलडीएल २५ टक्क्यांनी उतरले. परंतु १५,०६७ रुग्णांवरील ही चाचणी डिसेंबर २००६ मध्ये थांबवावी लागली; औषध घेणाऱ्या गटात ९३, तर दुसऱ्या गटात ५९ मृत्यू झाले होते.

या अपयशाचा दोष प्रथिनावर ढकलणे मात्र अन्यायाचे होईल. उंदीर व घुशी यांच्या रक्तात सीईटीपीची क्रिया स्वभावतःच नसते. त्यांच्यातही या औषधाने रक्तदाब वाढला. अर्थात हा उपद्रव प्रथिन रोखल्याने नव्हे, तर औषधाच्या अन्यत्र होणाऱ्या क्रियेने घडत होता. ज्या परीक्षानळीत केवळ सीईटीपी आहे, तीत हे दिसणे संभवतच नव्हते. पुढे २०१७ साली ३०,४४९ रुग्णांवरील चाचणीत ॲनासेट्रापिबने एचडीएल दुपटीहून थोडे अधिक वाढविले. पण हृदयविकाराच्या प्रमुख घटना केवळ ९ टक्क्यांनी घटल्या, आणि तेवढी घट एचडीएलेतर कोलेस्टेरॉल उतरल्यानेच समजावून देता येते. दुसरी कडी, म्हणजे एचडीएलचे वाढते प्रमाण हेच आरोग्य मानणे, ही मुळातच कच्ची होती.

सारांश, पुनःसंयोजित प्रथिनाने खोटी साक्ष दिली नाही. ‘हा रेणू मेद वाहतो काय, व कशाने अडतो?’ या प्रश्नाचे त्याचे उत्तर चोख आहे. ‘त्यास अडविणे हितकर काय?’ हा प्रश्न त्यास विचारण्याजोगाच नव्हता. एका प्रथिनास इतर सर्वांपासून वेगळे काढणे हे या पद्धतीचे सामर्थ्य, आणि तीच तिची सीमा होय. संशोधकाने आपला निष्कर्ष नळीतला, प्राण्यातला की माणसातला, हे प्रत्येक वेळी स्पष्ट नोंदविले पाहिजे. कारण या नोंदीतील हयगयीची किंमत अखेरीस रुग्णास मोजावी लागते.