संगीत नटाची घडण : गानशिक्षण आणि नाट्यशिक्षण यांतील तुटलेला दुवा

प्रस्तावना

युरोपातील ऑपेरा गायकाच्या शिक्षणात कंठसाधना, भाषोच्चार, अभिनय आणि साथीसह भूमिका बसविण्याचा सराव ही अंगे एकत्र गुंफलेली असतात. ध्वनिवर्धकाविना प्रेक्षागृह भरून टाकणारा आवाज आणि त्या आवाजातून उभे राहणारे पात्र, अशी त्याच्याकडून दुहेरी अपेक्षा असते. मराठी संगीत नटाकडूनही हीच अपेक्षा होती. मात्र त्याला घडविण्याचे काम विद्यालयाने नव्हे, तर नाटक मंडळीने केले. या शिक्षणपद्धतीचे बळ, तिच्या उणिवा आणि पुढील संस्थात्मक शिक्षणाशी तिचे नाते यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मंडळीतील शिक्षण

अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग १८८० मध्ये पुण्यात झाला आणि गायक नटाची गरज निर्माण झाली. मुले मंडळीच्या बिऱ्हाडात राहत, पदे तोंडी शिकत आणि ज्येष्ठ नटांचे काम विंगेतून पाहत. केशवराव भोसले (१८९०–१९२१) बालवयातच स्वदेशहितचिंतक मंडळीत आले. पुढे १९०८ मध्ये त्यांनी ‘ललितकलादर्श’ स्थापन केली. तालीम, प्रयोग आणि प्रेक्षकांची दाद ही या शिक्षणाची तीन अंगे होत. त्यात पाठ आणि परीक्षा यांच्यात अंतरच नव्हते.

या पद्धतीची कठोर बाजू भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्या चरित्रात दिसते. किर्लोस्कर मंडळीत बालनट म्हणून नाव झाल्यावर वयानुसार त्यांचा आवाज फुटला आणि मंडळीतील त्यांचे स्थान गेले. आवाज हेच ज्याचे भांडवल, त्या मुलासाठी मंडळीजवळ दुसरी योजना नव्हती. बुवांनी पुढे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे दीर्घकाळ विद्या घेतली. मंडळीने अर्धवट सोडलेले शिक्षण गुरुगृही पूर्ण झाले.

गुरू आणि रंगमंच

हेच भास्करबुवा पुढे रंगभूमीचे गुरू झाले. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आलेल्या बालगंधर्वांना त्यांची तालीम लाभली. गंधर्व नाटक मंडळीच्या ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकातील पदांना त्यांनी रागदारीचा भक्कम पाया दिला. बालगंधर्वांचे यश केवळ मधुर आवाजाचे नव्हते. ख्यालाचा विस्तार कोठे थांबवावा आणि शब्द कोठे पुढे आणावा, हा विवेक त्यामागे होता. तो विवेक गुरूची तालीम आणि रोजचा रंगमंच यांच्या संयोगातून येतो. दोहोंपैकी एकाने तो येत नाही. रामकृष्णबुवा वझे यांची तालीम लाभलेले केशवराव भोसले आणि मास्टर दीनानाथ यांच्याबाबतही हेच म्हणता येईल.

संस्थात्मक शिक्षण

विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि संगीतशिक्षण सार्वजनिक झाले. मंडळीच्या दारापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या, विशेषतः मध्यमवर्गीय घरांतील मुलींना त्यामुळे गाणे शिकणे शक्य झाले. हा लाभ लहान नाही. परंतु परीक्षा पद्धतीत राग, ताल आणि बंदिश यांची कसोटी लागते. भूमिकेत राहून पद म्हणण्याची लागत नाही. नाट्यशिक्षणही स्वतंत्र वाटेने गेले. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीत, नृत्य आणि नाट्य एका छताखाली आले, तरी एका छताखाली असणे म्हणजे एका शिक्षणात गुंफले जाणे नव्हे.

जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत लाभलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) नाटकात वसंतराव देशपांडे यांनी रंगविलेले खाँसाहेब हे या संयोगाचे उत्तरकालीन उदाहरण. तोही मैफल आणि रंगमंच दोन्ही जाणणाऱ्या कलावंताचा पराक्रम होता. कोणत्याही अभ्यासक्रमाचे फलित नव्हते.

समारोप

नाटक मंडळ्यांचे पुनरुज्जीवन शक्य नाही आणि बालकांना शाळेपासून तोडणाऱ्या त्या व्यवस्थेचा पुरस्कारही करता येणार नाही. मात्र तिने जोडलेल्या दोन विद्या वेगळ्या पडल्याने नाट्यपद हे नाट्यगीत झाले. प्रसंगापासून सुटून मैफिलीपुरते उरले. अंबरनाथ–बदलापूर परिसरातील महाविद्यालयांनाही येथे करण्याजोगे काही आहे. नाट्यगीत गायनासोबत एखादा संपूर्ण प्रवेश, संवादांसह आणि ध्वनिवर्धकाविना, बसविण्याचा आग्रह धरला तरी विद्यार्थ्याला पदाचे मूळ स्थान कळेल. संगीत नाटकाचे जतन ध्वनिमुद्रिकांत होते. संगीत नट मात्र शिक्षणातूनच घडतो.